थोडक्यात वाचला!

मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेल्या चाकरमान्याचं पहिलं वर्ष घराची कौलं परतण्यात जातं. दुसरं वर्ष सातबाऱ्यावर किती चुलत्यांची नावं आहेत ते मोजण्यात जातं. तिसऱ्या वर्षी मात्र त्याला काहीतरी धरावं लागतं. कोणी देवस्थानाची कमिटी धरतो, कोणी भजनात पेटी धरतो, कोणी एसटी स्टँडवरचा कट्टा धरतो. आमच्या वाडीतल्या भाईकाकांनी बंदूक धरली.

वय साठ पूर्ण. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा पिकायची वाट बघतोय. आयुष्यभरात त्यांनी मारलेलं सर्वांत मोठं जनावर म्हणजे डोंबिवलीच्या खोलीतला उंदीर, आणि काकी सांगतात, तोही पिंजऱ्यात आधीच मेलेला होता. पण गावी आल्यावर रानडुकरांनी एका रात्रीत त्यांच्या कुणग्यातलं भात नांगरून टाकलं, आणि सकाळी बांधावर उभे राहून भाईकाकांनी जाहीर केलं, "बास. आता मी शिकारी होणार." शेजारी दात घासत होते. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "होवा."

असा साठीत जन्मलेला शिकारी एकट्या आमच्या वाडीत नाही. मालवणहून कसालकडे जाताना चौके, कट्टा अशी गावं लागतात. त्यांच्या आत, डोंगराच्या अंगाला शिरलात की दर दोन वाड्यांमागे एक सापडेल. तो ओळखायला सोपा. काजूच्या झाडाखाली थांबून तो जमिनीकडे बघत असतो, आणि तुम्ही जवळ गेलात की ओठांवर बोट ठेवतो.

बंदूक भाईकाकांच्या वडिलांची, एकनळी, ठासणीची. नळीत दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचं, शेवटी केप बसवायची. एवढं होईपर्यंत डुकरानं जेवण उरकून हात धुतलेले असतात. आमच्या जिल्ह्यात शेती संरक्षणासाठी दिलेले बंदुकीचे परवाने पुष्कळ, आणि जुन्या घरांतून अशा बंदुका पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या. पण परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की बंदूक वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक वारला, सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानं पंचवीस वर्षं बंदूक बाळगली, तर ती वारसाकडे जाऊ शकते. हा नियम भाईकाकांना आरतीपेक्षा चांगला पाठ आहे.

त्यांची पहिली शिकार ओरोसला झाली, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत. अर्ज, फोटो, सातबारा, पोलिसांचा अहवाल, बाकीच्या वारसांची ना-हरकत. आंब्याच्या एका फांदीवरून बारा वर्षं न बोलणाऱ्या चुलतभावानं ना-हरकतीवर मात्र तात्काळ सही केली. त्याचा हिशेब सरळ होता: भाई बंदूक घेऊन रानात बसला की घरी आंब्याकडे बघायला कोण? मग डॉक्टरचा दाखला. शरीर आणि मन दोन्ही ठीक असल्याचा. डॉक्टरनी विचारलं, "रात्री झोप लागते?" भाईकाका म्हणाले, "लागते, पण आता ती बंद करायचीय." तरी दाखला मिळाला. त्याची एक प्रत त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलीय. घरात वाद झाला की ते ती काढतात. "हे बघ. माझं डोकं ठीक असल्याचं डॉक्टरनं लिहून दिलंय. तुझ्याकडे आहे काय असा कागद?" काकींकडे नाही. वाद तिथे संपतो.

कचेरीच्या खेपांत शिकाऱ्याचे सगळे गुण त्यांच्या अंगी आले. दबा धरून बसणं आलं, साहेब खुर्चीवर आलेत की नाहीत याचा लांबूनच वास घेणं आलं, आणि 'उद्या या' ऐकून न खचणं तर आलंच. परवाना हातात पडला त्या दिवशी त्यांनी वाडीत पेढे वाटले. पेढे खाताखाता कोणीतरी परवाना वाचून दाखवला. पिकाच्या राखणीसाठी, असं त्यात होतं. हौसेच्या शिकारीचा शब्दही नव्हता.

तो कसा असेल? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला आळा घातला, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार उरलीच नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरापुरती वनखात्याकडून परवानगी मिळू शकते, पण तीही अर्ज करून. आणि मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. भाईकाकांनी हे आबांना समजावून सांगितलं तेव्हा आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मगे मसालो कित्याक वाटूचो?"

आबा म्हणजे भाईकाकांचे गुरू. ऐंशीच्या पुढचे. कायदा येण्याआधीच्या काळात हाक्याला जात. त्यांच्या सांगण्यात शिकार एकट्यादुकट्याची नसायचीच. सगळी वाडी रानात उतरायची. हाकारे, कुत्री, वाटेवर बसलेले बंदूकवाले. मग वाटे पडायचे. बंदूकवाल्याचा, हाकाऱ्यांचा, देवाचा, आणि घरी खाटेवर पडलेल्या म्हातारीचासुद्धा. "तेवा डुकर एकाक गावत नसा, वाडीक गावा," असं आबा म्हणतात. भाईकाका हे वहीत टिपून घेतात. त्यांची एक वही आहे. तिच्यावर 'रान' असं लिहिलंय, आणि शेवटच्या पानांवर दुधाचा हिशेब आहे.

हे बोलणं निघालं की भाईकाका मुंबईच्या मित्रांना फोन लावून आंगणेवाडीची गोष्ट सांगतात. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेला लाखांनी माणसं येतात, पण त्या जत्रेची तारीख तिथीवर ठरत नाही. शेतीची कामं उरकली की डाळप होतं, देवीचा कौल घेतला जातो, पारध होते, आणि मग मंडळी एकत्र बसून तारीख काढतात, ही तिथली जुनी रीत. "कळलं काय? आमच्याकडे देवीची जत्रासुद्धा शिकारीवर ठरते!" भाईकाका फोनमध्ये ओरडतात. पलीकडचा मित्र डोंबिवलीच्या गॅलरीत दबतो. आबा मात्र पडवीतून म्हणतात, "ती देवीची पारध रे. तुझी कोणाची?"

साहित्य मुंबईहून आलं. पानांची नक्षी असलेले कपडे, कपाळावर बांधायची बॅटरी, गुडघ्यापर्यंतचे बूट, दुर्बीण, बसायची घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि जिम कॉर्बेटची पुस्तकं. कॉर्बेट उतारवयात रायफल ठेवून कॅमेरा घेऊन वाघांमागे फिरला. सलीम अलींनी पोरवयात एअरगननं एक चिमणी पाडली, तिच्या पिवळ्या गळ्याचं कोडं घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि जन्मभर पक्ष्यांचेच झाले. मोठी माणसं बंदुकीकडून दुर्बिणीकडे गेली. भाईकाकांकडे दुर्बीण आधी आली आणि ते बंदुकीकडे निघाले. नक्षीचे कपडे घालून ते पहिल्यांदा अंगणात आले तेव्हा कुत्रा भुंकला, म्हणजे लपण्याच्या दृष्टीनं कपडे नापास. आबा आले ते अनवाणी, कमरेला पंचा, खांद्यावर कांबळं. त्यांनी भाईकाकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हुंगलं आणि विचारलं, "साबण लावलंस?"

"होय."

"पावडर?"

"थोडीशी."

"मगे डुकराक फोनच कर. म्हणा, मी येतंय."

पहिल्या रात्री निघण्याआधी गाऱ्हाणं. राखणदाराच्या दगडापाशी नारळ ठेवला, वाडीतली चारपाच माणसं 'होय म्हाराजा' म्हणायला उभी राहिली, आणि आबांनी आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान हातात बंदूक घेतलली आसा..." "होय म्हाराजा!" "ती त्येच्याच पायार उडू नये..." "होय म्हाराजा!" "शेजाऱ्याच्या म्हशीक लागू नये..." हा 'होय म्हाराजा' शेजाऱ्यानं जरा मोठ्यानं दिला. "आणि डुकराक ह्येची चाहूल आगाऊच लागून तो आपल्या घराक सुखरूप जावंदे..." "होय म्हा—" इथे भाईकाकांनी डोळे उघडले. पण तोवर नारळ फुटला होता, आणि फुटलेल्या नारळापुढे अपील चालत नाही.

माळा कुणग्याच्या टोकाला, चार खांबांवर. आबा चढले आणि दिसेनासे झाले. भाईकाका चढले ते आधी खुर्ची, मग थर्मास, मग उशी, मग बंदूक, या क्रमानं. बंदूक त्यांनी हातात धरली ती नवरदेवानं कट्यार धरावी तशी. आहे म्हणून धरायची, वापरायची कुठे आणि कधी ते भटजी सांगतील. बेत साधा होता. डुकरं आली की हवेत बार काढायचा, पळवून लावायची. आबांनी एकच शिकवण दिली, "हलू नको." थोड्या वेळानं फट् असा आवाज झाला.

"काय झाला?"

"डास, आबा. चावतत."

"चावूंदे. डुकर डासाक भियत नाय, तुझ्या फटक्याक भियता."

मग पाठ धरली. मग मांडी बदलायची होती, आणि माळ्याच्या सगळ्या कामट्यांनी ती बातमी रानाला कळवली. मग खोकला. मग थर्मासचं झाकण. लांब कुठेतरी भेकर भुंकलं, आणि भाईकाकांनी आबांचा हात घट्ट धरला. "वाघ?" मग खिशात भजनाचा सूर वाजू लागला. डोंबिवलीहून मुलीचा व्हिडिओ कॉल. "बाबा, अंधारात का बसलात? लाइट गेलेत काय?" आबांनी कांबळं डोक्यावरून ओढून घेतलं.

आणि तरीही डुकरं आली. खरंच आली. भात सळसळलं, काळी पाठ दिसली. भाईकाकांनी बंदूक आभाळाकडे केली, डोळे मिटले, चाप ओढला. टिक्. केप वाजली, बार उडालाच नाही. रात्रीच्या दवानं दारू दमट झालेली. डुकरानं मान वर करून माळ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भातात तोंड घातलं. मात्र दारूचा वास भाईकाकांच्या नाकात गेला आणि त्यांना शिंक आली. ती शिंक आमच्या घरापर्यंत ऐकू आली. सगळा कळप उधळला, बांध ओलांडून सरळ रानात.

भाईकाका घाम पुसत म्हणाले, "थोडक्यात वाचला!"

आबांनी विचारलं, "कोण? तू का डुकर?"

त्या दिवसापासून 'थोडक्यात वाचला' हे भाईकाकांचं ब्रीद झालं. रात्रभर काही आलंच नाही तरी सकाळी ते तेच म्हणतात. न आलेला डुक्कर तर सर्वांत थोडक्यात वाचतो. गोष्ट त्याच्या मानानं वाढत जाते. स्टँडवर डुक्कर चाळीस किलोचा असतो, कट्ट्याच्या बाजारात साठ, आणि चतुर्थीला मुंबईची मंडळी उतरली की त्याला सुळे फुटून तो क्विंटलवर जातो. नातवंडं डोळे विस्फारून ऐकतात. काकी आतून मोदक वळता वळता विचारतात, "परवा तर एकच सुळो होतो मां?"

शिकारीपणा रानापुरता राहिला असता तर बरं. तो घरात शिरलाय. भाईकाका आता घरात टाचा न टेकता चालतात. काकी दचकतात. कुठेही गेले की बोट ओलं करून वारा बघतात. मालवणच्या मासळीबाजारातसुद्धा, जिथे वारा कुठूनही आला तरी वास एकच. तारकर्लीच्या पुळणीत नातवाला घेऊन गेले तेव्हा वाळूवरचे ठसे बघून गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "ताजा माग आहे. पहाटेचा." तो कुर्लीचा होता, आणि कुर्ली तिथेच बिळाच्या तोंडाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. रानात ठसे बघून ते वेळ सांगतात, वजन सांगतात, जनावराची मनःस्थितीही सांगतात. एकदा असाच 'जबरदस्त नर, जरा लंगडणारा' सांगितला. माग काढत गेले तो थेट शेजाऱ्याच्या गोठ्यात. म्हैस गाभण होती.

पुढे त्यांनी झाडाला बांधायचा, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा आणला. पहिल्या आठवड्यात त्यात गवसलेली जनावरं अशी: शेजाऱ्याचा बैल, वाडीतला कुत्रा, परसातून त्यांच्या शेवग्याच्या शेंगा काढणारा चुलतभाऊ, आणि स्वतः भाईकाका, पाठमोरे, बऱ्याच वेळा. पण एका फोटोत साळिंदर निघालं. काटे फुलवून उभं. तो फोटो त्यांनी मोठा करून आणला आणि देवघराशेजारी लावला. त्या फोटोकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बंदूक पुसताना कधी दिसत नाही. हे त्यांना सांगायला जाऊ नये. ते लगेच बंदूक पुसायला घेतात.

बंदुकीचा खरा मुक्काम कुठे असतो हे मात्र सांगायला हवं. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. 2024 साली मार्चात लोकसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा भाईकाकांची बंदूक गेली. मतदान होऊन, निकाल लागून ती परत आली. तिला तेलपाणी करून जरा कुठे माळ्यावर नेतायत, तोवर 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे भात पिवळं होऊन वाकलेलं. डुकरांना आचारसंहिता नाही. भाईकाका पोलीस ठाण्याच्या रांगेत उभे राहिले. पुढेमागे त्यांच्याचसारखे साठीचे, पासष्टीचे, गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुका घेतलेले गडी. त्या रांगेत जेवढे डुक्कर थोडक्यात वाचले तेवढे सबंध तालुक्याच्या रानात नसतील. संध्याकाळी भाईकाका बंदुकीऐवजी एक पावती घेऊन घरी आले. काकी म्हणाल्या, "बंदूक नाय तर नाय, येताना बांगडे तरी हाडूचे."

त्या रात्री ते माळ्यावर गेले. बंदूक नव्हती, पण सवय लागली होती. थर्मास होता, रेडिओ होता, खोकला होता, मुलीचा फोन होता. आबा आता गुडघ्यांनी बसलेत, तेव्हा हलू नको म्हणणारंही कोणी नव्हतं. भाईकाका मनसोक्त हलले. डासांना फटके मारले, कपाळावरची बॅटरी चारी दिशांना फिरवली, जुनी नाट्यपदं म्हटली आणि पहाटेपर्यंत डझनभर तरी शिंका दिल्या. दुसऱ्या रात्रीही तेच. निकाल लागून बंदूक परत यायच्या आत भात कापून, झोडून घरी आलं होतं. डुकरांनी वरच्या वाडीत धुमाकूळ घातला. आमच्या वाडीच्या बांधाकडे ती फिरकलीसुद्धा नाहीत.

आबांनी निकाल दिला तो असा: "ह्येच्यासारखो शिकारी मी बघूक नाय. आनी ह्येच्यासारखो राखणी पण बघूक नाय." पहिल्या वाक्यावर भाईकाका रुसले. दुसरं त्यांनी वहीत लिहून घेतलं. आता वाडीतले बाकीचे शेतकरी त्यांना आपापल्या कुणग्यांतही बोलावतात. "भाईंनू, उद्या आमच्याकडे बसा. बंदूक राहूंदे, रेडिओ तेवढो हाडा." भाईकाका ऐटीत म्हणतात, "वारा बघून सांगतो." आणि बोट ओलं करतात.

तुमच्या वाडीतही असा एक असेल. कदाचित तुमचाच काका असेल, कदाचित अजून दोनतीन वर्षांनी तुम्हीच असाल. त्याला 'मारलं किती' असं विचारू नका. त्याला उत्तर देता येत नाही आणि कायद्यानं ते देऊही नये. त्यापेक्षा रात्री माळ्यावर गरम चहा पोचता करा. आणि पुढची आचारसंहिता लागली की त्याला बंदुकीसकट पोलीस ठाण्यापर्यंत आपल्या गाडीनं सोडा. एसटीत त्याला बसायला जागा ताबडतोब मिळते, ते खरं. पण कंडक्टर तिकीट मागायला जवळ येत नाही, आणि ही माणसं जन्मात कधी विनातिकीट फिरलेली नाहीत.